मागच्या ओळीतली उडी

१

रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा पियानो वाजतो आणि गावच्या सभाघरात आम्ही अस्वलाचे शिकारी हात वर करून उभे राहतो. आमच्यातला सगळ्यात लहान सोमा. तो चौसष्टचा, त्याला आम्ही अजून पोरगाच म्हणतो. सगळ्यात मोठा आमचा म्होरक्या तामेगोरो, अठ्ठ्याहत्तर. मी सादाइची, बहात्तर पूर्ण. शहरातली माणसं या वयात बाकावर बसून कबुतरांना दाणे टाकतात. आम्ही कंबरभर बर्फातून चढ चढतो, म्हणून अंगाची मनधरणी करावी लागते.

मी तर जास्तच करतो. मोजे घालताना बसायचं नाही, एका पायावर उभं राहून घालायचे. दात घासता घासता वीस बैठका. उतारावर पाय टाकताना गुडघा ताठ ठेवायचा नाही आणि घाई तर मुळीच करायची नाही. संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात खुब्यापर्यंत शेक. माझी बायको फुमि म्हणते, "अहो, लग्नाच्या वेळी एवढी काळजी घेतली असतीत तर मी निदान फोटो तरी बरा काढून घेतला असता."

पण माझं खरं औषध वेगळंच आहे. ते म्हणजे तामेगोरोचा द्वेष. ते रोज घेतल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ क्युसाकू कडक बर्फावरून घसरून घळीत पडला. डावा खुबा मोडला. वर धारेवर अस्वल दिसत होतं. तामेगोरो वरून ओरडला, "आधी अस्वल! क्युसाकू कुठे पळून जात नाही!" आम्ही पुढे गेलो. मग धुकं उतरलं. चार तासांनी परत आलो तेव्हा क्युसाकू बसल्या जागी गारठून मेला होता.

तामेगोरो एवढ्यावर थांबला असता तर मी कदाचित गिळलं असतं. पण मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या कार्यात, माझ्याच घरात, माझ्याच हातची साके पिऊन तो म्हणाला, "क्युसाकूचं अंगच ताठ झालं होतं. रोज व्यायाम केला असता तर आज इथे बसला असता." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने हा व्यायाम सुरू केला. जो येणार नाही त्याला डोंगरबंदी. म्हणजे मी रोज सकाळी माझ्या भावाच्या नावाने मारलेल्या टोमण्यावर हात वर-खाली करायचे! केले. पाच वर्षं केले. कारण हा माणूस पडलेला मला माझ्या पायांवर उभं राहून बघायचा होता.

२

हिवाळ्यात न्यूमोनियाने एक जण गेला आणि या वसंतात आम्ही मोजून बारा उरलो.

बारा जणांनी डोंगरात जायचं नसतं. डोंगरबाई म्हणजे डोंगराची देवी, तिला बारा मुलं. बारा जण दिसले की ते तिला आपलेच वाटतात आणि मग ती हिशोब जुळवायला बसते. राग आला तर तो पुढे चालणाऱ्यावर, म्हणजे म्होरक्यावर काढते, असं आमचे आजे सांगायचे. म्हणून बारा झाले की लाकडाचा एक माणूस कोरून बरोबर घ्यायचा. त्याला सान्सुके म्हणायचं, हजेरी घेताना त्याचंही नाव घ्यायचं, की झाले तेरा. आणि वाटेत कुणी मागे फिरला तर सान्सुकेला तिथल्या तिथे मोडून बर्फात पुरायचं, कारण आता त्याच्यामुळेच बारा होतात. आमच्याकडे पोरांना पाढे नंतर येतात, हे आधी.

कोरायचं काम माझं, हात अजून थरथरत नाही म्हणून. वीतभर लाकूड घेतलं. डाव्या खुब्याशी गाठ आली आणि चाकू घसरला. तिथे खोल खाच पडली. मी बराच वेळ त्या खाचेकडे बघत बसलो. मग त्याच्या कानाशी जाऊन नाव ठेवलं. सान्सुके नाही ठेवलं. क्युसाकू ठेवलं.

शिकारीच्या दिवशी दुसऱ्याच चढावर मिकामीचा गुडघा बोलला. "नाचता येईना अंगण वाकडं," असं सगळे त्याला चिडवायचे, पण या वेळी गुडघा खरंच सुजून भोपळा झाला होता. तो काठी टेकत परत फिरला. राहिलो अकरा.

तामेगोरोने वळून विचारलं, "सादाइची, सान्सुकेला मोडलंस ना?"

"मोडला," मी म्हणालो.

तो माझ्या पिशवीत होता. मी तिचं तोंड घट्ट बांधलं आणि चालू लागलो. तामेगोरो सगळ्यांच्या पुढे होता. दिवसभर मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. वाटायचं, आता घसरेल, आता कडा सुटेल. छे! म्हातारा बोकडासारखा उड्या मारत गेला. अस्वल मिळालं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी एवढा चिडलो की उतरताना कुणाशी बोललो नाही.

घरी येऊन पिशवी उघडली. गाठ मी मारली होती तशीच होती. आत सान्सुके नव्हता.

पिशवी उसवली असेल म्हणून फिरवून फिरवून पाहिली. कुठे भोक नव्हतं. शेवटी ठरवलं की घाईत मी तो पिशवीत टाकलाच नसेल. म्हातारपणी असं होतं. या विचाराने मला बरं वाटलं, यावरूनच ओळखा.

३

सभाघराची जमीन लाकडी आहे. तामेगोरो पुढच्या बुटक्या ओट्यावर आमच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि आकडे मोजतो. समोर तीन-तीन-तीनच्या ओळी, आणि सगळ्यात मागे एकटा मी. मिकामीची जागा माझ्या शेजारी होती, तो आता घरी पाय वर करून पडलेला. माझ्या मागे भिंतीपर्यंत दोन चटया मावतील एवढी मोकळी जागा आणि बंद केलेला रॉकेलचा स्टोव्ह.

शेवटून दुसरा व्यायाम उड्यांचा. अकरा म्हातारे एकदम उडी मारतात तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजतात. शिकारीनंतरच्या दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे खाली आलो, धप्प झालं, आणि त्यानंतर माझ्या मागे आणखी एक आवाज आला. धप्प. मग किंचित थांबून, घासत आल्यासारखं, सर्र.

मी वळलो नाही. व्यायाम चालू असताना वळलं तर तामेगोरो बोलतो. मला वाटलं सोमा असेल, तो कायम अर्धा ठोका मागे असतो. पण सोमा माझ्या पुढे होता. मग वाटलं, फळ्या. बर्फ वितळायला लागला की फळ्या फुगतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी मुद्दाम उडी मारलीच नाही, नुसता उभा राहिलो. माझ्या पुढे धप्प झालं. माझ्या मागे, माझ्या टाचांपासून हातभर अंतरावर, एक पाय पडला आणि दुसरा घासत येऊन त्याला मिळाला. तळव्यांना फळी हललेली कळली. मानेवर ओल्या बर्फाचा गारवा आला. बाहेर चेरी फुलली होती, आणि इथे माझे दात वाजत होते.

चहाच्या वेळी मी मागची जागा नीट पाहिली. फळी, स्टोव्ह, भिंत. सोमा म्हणाला, "काय दादा, काही हरवलं का?"

"म्हातारपण शोधतोय," मी म्हणालो. सगळे हसले. तामेगोरो मात्र हसला नाही. तो पेला हातात धरून त्याच भिंतीकडे बघत होता.

आणि मला कळलं. माझ्या पाठीला डोळे नव्हते, पण त्याचं तोंड रोज तिकडेच होतं.

४

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण तामेगोरोचा चेहरा बघायला मिळतोय म्हटल्यावर मी पावणेसहालाच जाऊन बसू लागलो. त्याचा आवाज मोजता मोजता अडखळायचा. सात म्हणून पुन्हा सात म्हणायचा. घाम यायचा, आणि नजर माझ्या डाव्या खांद्यावरून मागे जाऊन तिथेच चिकटायची. कुणी विचारलं की म्हणायचा, "काही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं." मी मनात म्हणायचो, जाऊ दे, आणखी खोल जाऊ दे.

जूनपर्यंत मागचा आवाज बदलला. घासणं कमी झालं. आधी उजवा पाय, मग लगेच डावा. धप-धप. वाकायच्या व्यायामाला सुरुवातीला मागून ओलं लाकूड पिळल्यासारखी कुरकुर यायची, तीही हळूहळू कमी होत गेली. तो सुधारत होता. एकही दिवस न चुकवता, पावसात, उन्हात, येत होता आणि सुधारत होता. माझा क्युसाकू! शाळेतसुद्धा एवढं मन लावून त्याने काही केलं नव्हतं.

माझं मन मला सांगायचं, सादाइची, हे बरं नाही. मेलेल्या माणसाला खुबा सुधारून करायचं काय आहे? मी त्याला गप्प करायचो. करायचं काय ते उघड होतं. पाय नीट झाले की तो ओट्यापर्यंत चालत जाणार. मी फक्त बाजूला व्हायचं.

फुमि म्हणाली, "हल्ली तुमचं अंग बरं हलतंय. चेहरा मात्र मला आवडत नाही."

"चेहऱ्याला काय झालं?"

"पोट भरल्यासारखा दिसतो. न जेवताच."

५

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तामेगोरो घरी आला. एकटा. हातात मोठी बाटली, कागदात गुंडाळलेली. माझ्या उंबऱ्यावर हा माणूस पाच वर्षांत आला नव्हता. तो घरात न शिरता पायरीवरच बसला.

"सादाइची, तू सान्सुकेला मोडला नव्हतास."

"मोडला होता."

"खोटं बोलू नकोस रे. या वयात खोटं पचत नाही." त्याने बाटली पायरीवर ठेवली. "तुझ्या मागे कोण उभा असतो, तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? मी पुढे बघतो. तुम्हीच शिस्त लावलीत ना, मान वळवायची नाही म्हणून."

"तो काय मागतोय?"

पाच वर्षं मी हा प्रश्न ऐकायला जगलो होतो. मी सावकाश चहा ओतला. म्हणालो, "म्होरके, तुम्हीच म्हणाला होतात, अंग ताठ होतं, व्यायाम करायला हवा होता. करतोय बिचारा. तुमचा शब्द पडू दिला नाही त्याने."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं रडतोय. रडला असता तर मला आणखी गोड लागलं असतं. पण तो म्हणाला, "चुकलं माझं. त्या दिवशी चुकलं, कार्याच्या दिवशी त्याहून जास्त चुकलं. त्याच्या फोटोपुढे डोकं टेकवू दे मला."

"फोटो झोपलाय," मी म्हणालो.

तो उठला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "एक गोष्ट सांगतो. तो माझ्याकडे बघत नाही, सादाइची. एकदाही बघितलं नाही."

भित्र्या माणसाची पळवाट, असं मी समजलो. बाटली मात्र ठेवून घेतली. चांगली होती.

६

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला पाच दिवस. पहिलं हिमाचं दव पडलं होतं आणि सभाघरात बोलताना तोंडातून वाफ येत होती.

उड्या सुरू झाल्या. तामेगोरो मोजत होता. एक, दोन, तीन, चार. माझ्या मागे दोन्ही पाय एकदम आले. पहिल्यांदाच. धप्प, एकच, भरीव, निरोगी माणसाचा. मी आनंदाने डोळे मिटले. मनात म्हणालो, जा. आता जा.

मी डावीकडे एक पाऊल सरकलो, वाट मोकळी केली.

तामेगोरोने माझ्या मागे जे पाहिलं त्याने त्याचा पुढचा आकडा आलाच नाही. तो एक पाऊल मागे गेला. आणखी एक. ओटा बुटका, जेमतेम ढोपरभर, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेवढा पुरतो. तो पाठीमागे पडला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. डावा खुबा.

सगळे धावले. रेडिओवरची बाई हसऱ्या आवाजात म्हणत होती, शेवटी लांब श्वास घ्या. मी घेतला. पाच वर्षांत एवढा खोल श्वास मी घेतला नव्हता. माझे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट होते आणि तो खाली पडून विव्हळत होता. मला हेच हवं होतं, अगदी हेच. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मिकामीच्या घरी सगळे जमले. मिकामी म्हणाला, "म्होरक्या आता डोंगर बघत नाही. सादाइचीचं अंग आपल्यात सगळ्यात चांगलं आहे. त्यानेच पुढे चालावं." सोमाने माझा पेला भरला. मी नको-नको म्हटलं, तेही रीत म्हणून. आतून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम इस्पितळात गेलो. पर्सिमन घेऊन गेलो, कच्चे, तुरट. तामेगोरोने ते पाहिले, मलाही पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, आणि तेच मला सहन झालं नाही.

"तुला केलं ना म्होरक्या?" तो म्हणाला. "ओट्यावर उभा राहू नकोस. ओळी उलट्या फिरव, भिंतीकडे तोंड करून करा व्यायाम. ऐक माझं."

"तुमची जागा गेली म्हणून पोटात दुखतंय."

"जागा घे रे बाबा. सगळं घे." त्याने डोळे मिटले. "त्या दिवशी मी सगळ्यात वर होतो. घळीच्या तोंडाशी शेवटी कोण होतं, ते तुला माहीत आहे."

मी पर्सिमन तिथेच ठेवून निघालो.

७

आता ते सांगतोच.

रांगेत शेवटचा मी होतो. तामेगोरो ओरडला तेव्हा तो शंभर हात वर होता, त्याला खालचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. क्युसाकू माझ्यापासून दोन माणसं खोल होता. तो म्हणाला, "दादा." पुन्हा म्हणाला, "दादा, मला घेऊन चल." वाऱ्यात ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. फुमिलाही. वारा नव्हता. त्या वर्षी एकही अस्वल माझ्या गोळीने पडलं नव्हतं आणि वर धारेवर ते काळं ढळढळीत उभं होतं. मी मान वळवली नाही. तामेगोरोने परवानगी दिली, एवढंच. आणि ती दिल्याबद्दल मी त्याला पाच वर्षं माफ केलं नाही.

तामेगोरो पडल्यावर दोन दिवस सभाघर बंद होतं. काल सकाळी मी ओट्यावर चढलो. भिंतीकडे तोंड करायचं कारण काय? मी काय त्याला घाबरतो? पियानो वाजला, मी हात वर केले आणि समोर पाहिलं.

तीन, तीन, तीन. त्यामागे माझी जागा रिकामी. आणि तिच्या मागे तो.

चेहरा मला नीट सांगता येणार नाही. दिवस उगवत होता, खिडकीतला उजेड तिथपर्यंत पोचत नव्हता. पायाखालची फळी ओली होती. लाकडाच्या माणसाला आपण जेवढं नाक-डोळे करतो, तेवढंच काहीसं होतं, आणि त्यातून क्युसाकू दिसत होता. जिभेचं टोक दातांत धरलेलं. लहानपणी गाठ बांधताना धरायचा तसं. सूड-बिड काही नव्हता हो त्याच्या तोंडावर! असता तर मी सोसला असता. तो मन लावून व्यायाम करत होता, आणि प्रत्येक आकड्याला माझ्याकडे बघत होता, बरोबर जमतंय का ते विचारल्यासारखं.

मी मोजत राहिलो. थांबलो असतो तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. उड्या झाल्या. त्याची उडी आमच्या सगळ्यांपेक्षा उंच होती. आवाज वेगळा आलाच नाही, सगळ्यांच्या आवाजात मिसळून गेला. सोमा नंतर म्हणालासुद्धा, "दादा, ती मागची फळी वाजायची थांबली बघा. हवा कोरडी झाली."

लांब श्वास घेऊन झाला. माणसं चहाकडे वळली. तो वळला नाही. पाय जुळवून, खांदे सरळ करून, बर्फातल्या चालीला तयार झालेल्या माणसासारखा तो तिथेच उभा राहिला. आता त्याच्या अंगात कुठेही ताठपणा नव्हता. कुठलाही कडा, कुठलाही चढ त्याला जड जाणार नव्हता.

उद्या हंगाम उघडतो. तामेगोरो इस्पितळात, मिकामीचा गुडघा बरा झालाय, म्हणजे आम्ही पुन्हा अकरा, तो आला की बारा. फुमिने भाताचे गोळे बांधून ठेवलेत. म्होरक्याने सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं, पाठ मागच्यांकडे करून. आणि "चला" म्हणायचा मान आता माझा आहे.